दिवाळसणाचा हॉर्न

“डोळं मीट,” आबा म्हणाले.

“मी कशाला? परीक्षा तुमची आहे.”

“तुझ्या नवऱ्याच्या जिवाची हाय. मीट.”

मी डोळे मिटले. वडिलांच्या ट्रकच्या केबिनमध्ये आम्ही दोघं बसलो होतो. काचा वर केलेल्या, इंजिन चालू, टेपवर कसलंसं ढोलकीचं गाणं कान किटेपर्यंत मोठं केलेलं. बाहेर कोल्हापुरातली स्पेअर पार्टच्या दुकानांची गल्ली होती. तिच्या वळणाआड, आम्हाला दिसणार नाहीत अशा बेतानं, माझे मिस्टर मोटारसायकल घेऊन उभे होते आणि मुजावरभाई दुकानदार त्यांना एकेक हॉर्न बॅटरीला जोडून देत होते. लग्नानंतरची आमची ती पहिली दिवाळी. भाऊबीज कालच झाली होती.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

“वाजला का गं?”

“वाजला असेल.”

“मग जा, सांग. मेला म्हणावं.”

“आबा.”

“हॉर्न मेला गं. जा.”

मी उतरून कोपऱ्यापर्यंत गेले आणि सांगून परत आले. दुसऱ्या हॉर्नला आबांनी ‘शेरडू’ म्हणून निकालात काढलं. तिसरा जरा बरा होता. मी आशेनं त्यांच्याकडं पाहिलं, तर म्हणाले, “रिक्षा. रिक्षाला घाटात कोण रस्ता देतंय?” माझ्या फेऱ्या बघून समोरच्या पंक्चरवाल्याकडची माणसं कामं सोडून उभी राहिली होती. यांचे कान लाल झाले होते. “मामांना म्हणावं, मोटारसायकलला शोभेल असंच काहीतरी घेऊ,” हे मला हळूच म्हणाले. मी निरोप पोचवला. आबांनी तो टेपच्या आवाजात ऐकू आला नाही असं दाखवलं.

चौथा हॉर्न वाजला तेव्हा मी दचकून डोळे उघडले. दोन सुरांचा, जाड, छातीत बसणारा आवाज होता. आबांचे डोळे अजून मिटलेलेच होते, पण पाय क्लचवर गेला होता आणि दोन्ही हातांनी उभ्या ट्रकचं स्टेअरिंग डावीकडं ओढलं होतं. हात आपले आपणच वळले होते. ते ध्यानात आल्यावर त्यांचं त्यांनाच हसू आलं.

“ह्याला मी रस्ता देईन,” ते म्हणाले.

माझे वडील, रंगराव चौगले, उभा जन्म ट्रकवर होते. कोल्हापूरचा गूळ भरून घाट उतरायचा आणि कोकणातून जांभ्याचे चिरे भरून परत चढायचं, एवढंच त्यांचं जग. ट्रकच्या कपाळावर माझं नाव रंगवलेलं होतं, कुमुद. आई मी शाळेत असतानाच गेली, त्यामुळे सुट्टीत मीही त्या केबिनमध्येच असायची. इतक्या वर्षांत ट्रकला कधी मोठा ओरखडा नाही, याची त्यांना घमेंड होती आणि ती ते लपवतही नसत. घाटाचा एकच नियम त्यांनी मला पुन्हापुन्हा सांगितला होता. भरलेली गाडी चढावर थांबली की परत उचलत नाही. म्हणून उतारावरच्यानं बाजूला व्हायचं. “रस्ता मागायला लावू नये,” असं ते म्हणायचे. “आवाज आला की जागा करायची.”

गाडी हा शब्द त्यांनी फक्त ट्रकसाठी राखून ठेवला होता. एसटीला ते एसटी म्हणत, जीपला जीप आणि मोटारसायकलला फटफटी. आमच्या यांना, शशिकांत पाटोळ्यांना, सेकंडहँड मोटारसायकलचा भारी अभिमान. स्वतःच्या पगारातून घेतलेली पहिली वस्तू होती ती. “जावईबापू, फटफटी कुठं लावली?” असं आबांनी विचारलं की हे न चुकता म्हणायचे, “गाडी अंगणात लावली आहे, मामा.” मग आबा ताडकन उठून दारातून डोकवायचे आणि इकडंतिकडं बघून विचारायचे, “कुठं हाय गाडी?” सासरे-जावयांचा हा खेळ वर्षभरही झाला नव्हता, पण दोघांनाही त्याची सवय लागली होती.

आमचं बिऱ्हाड घाटमाथ्यावर होतं आणि यांची नोकरी घाटाखालच्या गुरांच्या दवाखान्यात. रोज सकाळी उतरायचं, संध्याकाळी चढायचं. त्या आषाढात एका ट्रकनं यांना घाटात डोंगराच्या अंगाच्या गटारात घातलं. हे हॉर्न वाजवत होते, पण ट्रकवाला वळला तो वळलाच. गुडघा फुटला. त्या ड्रायव्हरनं स्वतः उतरून यांना उचललं आणि हात जोडले. “साहेब, आईशपथ, ऐकूच आलं न्हाई,” म्हणाला. खोटं बोलत नव्हता तो. त्या दिवसापासून दिवेलागण झाली की मी घरात बसू शकत नसे. दारात उभी राहून खालच्या वळणाकडं बघायची. उंबराचं वळण म्हणतात त्याला. ते एक चढून आलं की आमचं दार. हे घरी येऊन मलाच हसायचे, पण गुडघा दुमडताना त्यांचं तोंड वाकडं व्हायचं ते मला दिसायचं.

म्हणून आबांनी दिवाळसणाला जावयाला हॉर्न द्यायचं ठरवलं. आत्यानं कपाळाला हात लावला. “अंगठी करायची सोडून जावयाला भोंगा?” आबा म्हणाले, “अंगठी घाटात वाजत न्हाई.” आई असती तर तिनं अंगठीही करायला लावली असती. आबांना ते सुचलं नाही, आणि मलाही अंगठी नकोच होती. मला माणूस घरी यायला हवा होता.

मुजावरभाईंनी तो चौथा हॉर्न हातात घेऊन एकदा आमच्या मोटारसायकलकडं बघितलं.

“रंगरावअण्णा, हा ट्रकचा हाय. फटफटीला रिले टाकावा लागंल, वायर जाड लागंल.”

“टाका की.”

“आणि समोरचा फसंल हो. त्याला वाटंल गाडीच आली.”

“फसू दे. त्याच्यासाठीच तर घेतोय.”

“लोक हसतील, मामा,” हे म्हणाले.

“हसू द्यात. हसत हसत का हुईना, बाजूला हुतील.”

घरी आल्यावर आबांनी हॉर्नला हळदकुंकू लावलं, मोटारसायकलपुढं नारळ फोडला आणि यांना म्हणाले, “लाजायचं न्हाई, जावईबापू. दाबून वाजवायचा.”

हे खरोखरच आधी लाजले. पण पहिल्याच दिवशी एक एसटी वळणावर थांबून राहिली आणि ड्रायव्हरनं मोटारसायकल बघून शिव्या घातल्या, ते सांगताना यांना हसू आवरेना. मला मात्र वेगळाच फायदा झाला. उंबराच्या वळणावर तो हॉर्न वाजला की स्वयंपाकघरात ऐकू यायचा. मी दारात उभं राहणं सोडलं. आवाज आला की चहाचं आधण ठेवायचं, हे दारात येईपर्यंत चहा तयार. आषाढानंतर पहिल्यांदा मला संध्याकाळ बरी वाटायला लागली.

त्याच पंधरवड्यातली गोष्ट. तुळशीची लग्नं चालू होती आणि परतीचा पाऊस काही केल्या परतत नव्हता. दिवसभर रिपरिप, घाटात दाट धुकं. संध्याकाळी दारात ट्रक थांबला. आबा गूळ घेऊन खाली निघाले होते. एकटेच होते, क्लीनर दिवाळीला गावी गेलेला अजून आला नव्हता.

“जावईबापू?” त्यांनी चहा घेता घेता विचारलं.

“आज येणार नाहीत. खाली कुणाची तरी म्हैस अडली आहे कालपासून. तिथंच राहीन म्हणून सांगून गेलेत.”

“बरं झालं. असल्या धुक्यात फटफटी नगं.”

“गाडी म्हणा की एकदा तरी.”

“गाडी ती बघ,” त्यांनी ट्रककडं बोट केलं. मग कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, “हॉर्नचं कसं काय? रस्ता देत्यात का?”

“देतात. इथं स्वयंपाकघरात ऐकू येतो मला.”

“हितपर्यंत?” ते एवढे खूश झाले की तपकिरीची डबी काढायची विसरले. “म्या अजून घाटात ऐकला न्हाई बघ. येकदा समोरासमोर गाठ पडाय पायजे.”

“थांबा ना आज इथंच. सकाळी जा.”

“धुकं काय मला नवीन हाय?”

ट्रक निघाला. मागचा लाल दिवा धुक्यात दिसेनासा होईपर्यंत मी उभी होते. मग आत येऊन देवापुढं दिवा लावायला घेतला. लावते आहे तोवर आबांचा हॉर्न ऐकू आला, उंबराच्या वळणावर. तो मी लहानपणापासून ओळखते. आणि त्याच्या पाठोपाठ खालून तो दुसरा, जाड, दोन सुरांचा.

मला इतका आनंद झाला. म्हणजे म्हैस सुटली आणि हे आले. दोघांची वळणावर अगदी समोरासमोर गाठ पडली होती. आता आबा काच खाली करून ‘फटफटी’ म्हणत असतील आणि हे ‘गाडी’ म्हणत असतील, असं मनात येऊन मी एकटीच हसले. कदाचित दोघंही परत वर येतील म्हणून चहाचं आधण जास्तीचं ठेवलं.

बाकी काही ऐकू आलं नाही. ओली माती आवाज करत नाही.

चहा आटला. सासरे-जावई भर रस्त्यात गप्पा मारत उभे राहिलेत म्हणून मी दोघांवर चिडले आणि दुसरं आधण ठेवलं. तेही आटत आलं तेव्हा खालून आलेल्या एका जीपवाल्यानं दार वाजवलं. त्याच्या कपड्यांना लाल चिखल होता. “वहिनी, चला,” एवढंच तो म्हणाला.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा हे बाहेरच्या बाकावर बसले होते. करवंदीच्या काट्यांनी दोन्ही हात सोलून निघाले होते. आबांना दरीतून वर काढणाऱ्यांत हेच पहिले होते. आबा तेव्हा शुद्धीवर नव्हते. मी शेजारी बसले तरी यांनी माझ्याकडं बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडं बघत बोलले.

“मी वळणावर वाजवला. वरूनही हॉर्न आला. धुक्यात मला काही ओळखता आलं नाही. पुढं गेलो तर एक ट्रक अगदी कडेला जाऊन थांबलेला. एवढा कडेला की मला वाटलं, बंद पडलाय. सगळा रस्ता माझ्यासाठी रिकामा ठेवला होता, कुमुद. मी आरामात शेजारून वर गेलो. आभार मानायला हात पण केला. मागं वळून बघितलं तर ट्रक नव्हता.”

त्यांनी सोललेले हात उताणे करून मांडीवर ठेवले.

“खाली उतरलो तेव्हा केबिनवर तुझं नाव दिसलं.”

भरलेल्या ट्रकला त्या वळणावर सगळी रुंदी लागते, हे मला केबिनमध्ये बसून बसून माहीत होतं. खालून भरलेला ट्रक येतोय म्हणून आबा होता होईल तेवढे कडेला गेले, आणि पावसानं फुगलेली कड गुळाच्या ओझ्याखाली खचली. मोटारसायकलला हातभर जागा पुरली असती. हे काहीही चुकले नव्हते. आबाही चुकले नव्हते. मला कुणावर तरी मनापासून चिडायचं होतं, पण चिडावं असं कुणीच सापडत नव्हतं. हे आज येणार नाहीत असं आबांना मीच सांगितलं होतं, तेवढंच काय ते सापडत होतं.

सकाळी आबा शुद्धीवर आले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं होतं. मी खाटेजवळ गेले तर आबा माझीच वाट बघत होते. आवाज अगदी खोल गेला होता, पण बोलायची घाई होती.

“फौजदार आला हुता. समोरनं कोण नव्हतंच म्हणतोय. डुलकी लागली असंल म्हणं.” त्यांनी दम घेतला. “मला डुलकी?”

“नाही, आबा.”

“हॉर्न वाजला गं. चढाची गाडी हुती, भरलेली. म्या जागा केली.”

“हो.”

“पण माझ्यासमोरनं एकच दिवा गेला. बारका.” त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते. “तवापासनं इचार करतोय. म्या कुणाला जागा दिली?”

पोलिसांना यांनी अजून काही सांगितलं नव्हतं. रात्रभर ते त्या बाकावरून उठलेच नव्हते. मी दाराकडं पाहिलं. हे चौकटीशी येऊन उभे होते, आबांना दिसणार नाहीत असे, त्या दिवशी गल्लीच्या वळणाआड उभे होते तसेच. त्यांनी मान हलवली. सांग, असं म्हणत होते की नको सांगू, ते मला कळलं नाही.

खरं सांगितलं असतं तर आबांना काय मिळालं असतं? डुलकीचा कलंक गेला असता. पण एका फटफटीसाठी आपण दरीत गेलो, आणि तो हॉर्न आपणच कान लावून निवडला, हे घेऊन त्यांना जावं लागलं असतं. आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला पुढं जन्मभर माझ्याबरोबर राहायचं होतं.

“खरं सांग, कुमुद. गाडी हुती?”

“होती, आबा.”

“गाडीच न्हवं?”

“गाडीच.”

यांच्या भाषेत ते खोटं नव्हतं. आबांच्या भाषेत होतं, आणि मी आबांच्या भाषेत वाढले होते.

“मग एकच दिवा?”

“दुसरा बंद असेल. असतात की अशा गाड्या.”

“असत्यात,” ते म्हणाले. कपाळावरची आठी जरा सैल झाली. “थांबाय लागलं न्हाई न्हवं तिला? गेली वर?”

“गेली. नीट गेली.”

“मग झालं.”

त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असं वाटून मी पांघरूण सारखं करायला वाकले, तर डोळे न उघडताच म्हणाले, “जावईबापूंना सांग. उंबराच्या वळणावर हॉर्न द्या म्हणावं. लाजू नका. दाबून द्या.”

दारात काहीतरी हललं. मी वळून बघेपर्यंत हे तिथं नव्हते.

आबा त्याच दिवशी गेले. यांनी फौजदाराला सगळं सांगितलं, कागदावर काय लिहायचं ते लिहिलं गेलं. पण आबांना शेवटी काय माहीत होतं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. बारका दिवा त्यांनी पाहिला होता. गल्लीत ऐकलेला आवाज असा सहज विसरणारे कान नव्हते त्यांचे. मी त्यांची समजूत घातली, की जाता जाता त्यांनीच आमची घातली, हे विचारायला आता कुणी नाही.

तेरावं झाल्यावर हे पाना घेऊन अंगणात मोटारसायकलपाशी बसले. मी बाहेर गेले.

“काय करताय?”

“काढतो हा. मला सहन होत नाही.”

“मलाही होत नाही. काढू नका.”

“कुमुद.”

“आबांनी सांगितलंय. ऐकलंत ना तुम्ही?”

हे पाना हातात धरून तसेच बसून राहिले, आणि बसल्या बसल्या रडायला लागले. लग्नानंतर मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघत होते. मीही त्यांच्या शेजारी मातीत बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी पाना डिकीत ठेवून दिला.

पुढं नोकरी संपेपर्यंत हे त्या घाटानं रोज चढत राहिले. मोटारसायकली बदलल्या, हॉर्न तोच. उंबराच्या वळणावर आले की एकदा दाबून वाजवायचे आणि तिथंच थांबायचे. वरून उत्तर येतंय का ते ऐकायचे. कुणी उतरत असेल तर डोंगराच्या कुशीत, गटारात चाक घालून उभे राहायचे आणि हात करून त्याला सांगायचे, मधून या, मधून या, फटफटीच आहे. गाडी हा शब्द त्यांनी त्यानंतर मोटारसायकलसाठी कधी वापरला नाही.

आणि मी स्वयंपाकघरात असायचे. तो आवाज आला की आबांच्या हॉर्नसाठी कान लागायचे आणि त्याच श्वासात जीव भांड्यात पडायचा. दोन्हीतलं एकही इतक्या वर्षांत कमी झालं नाही. मग मी चहाचं आधण ठेवायचे, दोघांपुरतंच.